आतल्या बाजूचा पहारा

जागे राहा, पश्चात्ताप करा आणि पहिल्यापासून जे हाती आले ते घट्ट धरा, या तीन आज्ञा ख्रिस्ती धर्मग्रंथात पुन्हा पुन्हा एकमेकींच्या सोबतीने येतात, आणि त्या वाचताना बाहेरच्या वाचकाचा सहज असा ग्रह होतो की ही धर्म न मानणाऱ्यांना दिलेली तंबी असावी. ग्रंथाचा रोख मात्र उलट दिशेला आहे. नव्या कराराचे शेवटचे पुस्तक, ज्याला मराठी बायबलमध्ये 'प्रकटीकरण' म्हणतात, त्याच्या आरंभी पात्म बेटावर असलेल्या योहानाच्या हातून सात शहरांतील ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे तेथील श्रद्धावंतांच्या छोट्या समुदायांना, सात पत्रे लिहविली जातात, आणि त्यांतील पाच पत्रांत पश्चात्तापाची मागणी बाप्तिस्मा घेतलेल्या, प्रार्थनेला नियमाने जमणाऱ्या, काही ठिकाणी तर छळ सोसूनही टिकलेल्या लोकांकडेच केलेली आहे. ज्यांना सर्व ठाऊक आहे असे वाटते त्यांनाच ही हाक आधी ऐकावी लागते, ही गोष्ट विसरली की तिचा अर्थही बिघडतो आणि तिचा वापरही.

ही सातही शहरे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात होती, आणि पत्रलेखकाने प्रत्येक शहराची नाडी ओळखून शब्द वापरलेले दिसतात. सार्दीसच्या मंडळीला 'जागी हो' असे बजावले जाते, आणि त्या शहराचा इतिहास ठाऊक असलेल्याला त्या शब्दांतला टोला लगेच कळला असता. सार्दीसचा बालेकिल्ला उंच कड्यावर होता आणि कड्याच्या भरवशावर तेथील लोक निर्धास्त राहत. पण इसवीसनपूर्व सहाव्या शतकात इराणी सम्राट कुरुशच्या सैन्याने कड्याची पहारा नसलेली बाजू हेरून तो घेतला. हेरोडोटस सांगतो त्याप्रमाणे खाली पडलेले शिरस्त्राण आणायला एक शिपाई त्याच वाटेने उतरला होता आणि वर चढण्याची वाट शत्रूला त्यानेच नकळत दाखवली. पुढे सुमारे तीन शतकांनी अँटिओकस तिसरा याच्या वेढ्यातही तोच प्रकार पुन्हा घडला. तटाच्या एका भागावर गिधाडे निवांत बसलेली पाहून तेथे माणूस नसल्याचे वेढा घालणाऱ्यांनी ओळखले, असे पॉलिबियस नोंदवतो. दोन्ही वेळा शहर पडले ते शत्रूच्या बळापेक्षा स्वतःच्या खात्रीमुळे. लावदिकीया या श्रीमंत शहराची गोष्ट याला पूरक आहे: इसवीसन ६० च्या भूकंपानंतर त्याने सम्राटाची मदत न घेता स्वतःच्या पैशाने घरे उभारली, आणि पत्रात त्याच्याच मंडळीला, आपल्याला कशाचीही उणीव नाही असे समजणारी म्हणून, कोमट ठरवले आहे.

इकडे कोकणात, पेण तालुक्यातील गडब आणि त्याच्या आसपासच्या खारेपाटात, ही शिकवण समजावून सांगायला फारसे शब्द लागू नयेत. खारेपाट म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी, बांध घालून समुद्रापासून सोडवून घेतलेली खारी जमीन. धरमतरच्या खाडीकाठची भातशेती अशाच बांधांच्या आधाराने उभी राहिली. हे मातीचे बांध उधाणाच्या भरतीत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, एकदम कोसळतात असे दिसते खरे, पण त्यांची झीज त्याआधी कितीतरी दिवस चालू असते: खेकड्यांची बिळे, उघाडीच्या, म्हणजे आतले पाणी ओहोटीला बाहेर सोडणाऱ्या दारांच्या, कडेने झिरपणारे पाणी, कुणाच्या लक्षात न आलेली एखादी भेग. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकाला येण्यासाठी पावसाने मीठ धुवून नेण्याची वाट पाहावी लागते. म्हणूनच पूर्वी हे काम एकट्यादुकट्यावर न सोडता गावकरी मिळून करीत, आणि या सामूहिक राखणीच्या पद्धतीला या भागात 'जोळ' म्हणत असत. बांधावरचा माणूस पहारा करतो तो समुद्रावर नव्हे. समुद्र आपल्या वेळेला यायचाच असतो. तो पाहतो ते मातीकडे. ख्रिस्ती जागृतीचा आशय जवळजवळ हाच आहे.

या आज्ञांतली जागृती म्हणजे झोप न येणे नव्हे. येशू गेथशेमाने बागेत पकडला जाण्याच्या रात्री त्याचे तीन निकटचे शिष्य त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर झोपी गेले, आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टान्तात तर नवऱ्याची वाट पाहणाऱ्या दहाही जणींना डुलकी लागते. शहाण्या आणि मूर्ख यांच्यात फरक पडतो तो दिव्यात तेल असण्या-नसण्याचा. थोडक्यात, जागृती ही क्षणिक उत्तेजना नसून आधी केलेली तयारी आहे. चर्चच्या वार्षिक उपासनाक्रमात याची आठवण आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, करून दिली जाते, आणि पहिल्या रविवारची वाचने सामान्यतः सावध राहण्याविषयीचीच असतात. पश्चात्ताप हा त्याचाच पुढचा टप्पा. ख्रिस्ती विचारात तो केवळ झाल्या गोष्टीचे दुःख नसून आयुष्याचा मोहरा फिरवणे आहे. राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि कॅथोलिक परंपरेतील पापनिवेदनाचा संस्कार, ज्यात श्रद्धावंत आपली पापे धर्मगुरूसमोर सांगून क्षमेची खूण घेतो, ही त्याची ठरलेली रूपे. तिसऱ्या आज्ञेची गरज इफिस शहराच्या पत्रात सर्वांत स्पष्टपणे दिसते: तेथील मंडळी कष्टाळू आहे, खोट्या शिक्षकांना ओळखून आहे, सहनशीलही आहे, तरी तिने आपली पहिली प्रीती सोडली आहे. सगळे बरोबर चालले असूनही मूळ हरवू शकते, हे विधान त्या सात पत्रांतील सर्वांत बोचरे विधान म्हणावे लागेल.

या तीन आज्ञा एकत्र राहिल्या तरच निरोगी राहतात, आणि एकेक सुटी पडली की ती विकृत होते, हे कोकणाच्या इतिहासात लांब न जाता तपासता येते. गडबच्या परिसरात अंबा नदी धरमतरच्या खाडीत उतरते, तर दक्षिणेकडे रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. याच मुखाशी असलेले चौल हे प्राचीन बंदर ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी येथे वखार आणि मग तटबंदीचे शहर उभारले, चर्चे आणि मठ बांधले, आणि १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीशी झालेल्या लढाईत समोरचा कोर्लईचा डोंगरी किल्लाही घेतला. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा उंच मनोरा आज रेवदंड्यात 'सातखणी' म्हणून ओळखला जातो. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर १७४० च्या तहाने चौलही त्यांच्या हाती आले, आणि तटाच्या आत उभे असलेले धार्मिक वैभव बघता बघता ओस पडले. गाळाने भरत जाणारी खाडी आणि मुंबईचा वाढता व्यापार यांनी उरलेले काम केले. इफिसच्या बाबतीतही असेच घडले होते: ज्या मंडळीला तिची समई जागेवरून काढून घेण्याचा इशारा मिळाला होता, त्या शहराचे बंदर नदीच्या गाळाने भरून गेले आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत आढळतात.

चौलच्या तटाआडच्या धर्माकडे पाहताना पहाऱ्याच्या विकृत रूपाकडे डोळेझाक करता येत नाही. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले आणि मधल्या काही वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत चाललेले धर्मन्यायासन, ज्याला मराठीत 'इन्क्विझिशन' असेही म्हणतात, ते पोर्तुगीज सत्तेखालील उत्तर कोकणालाही लागू होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या चालीरीती गुपचूप पाळल्या की काय यावर त्याची बारीक नजर असे. १७३६ च्या फर्मानाने तर दारातली तुळस, धोतर-चोळीसारखा पेहराव आणि बिनमिठाचा भात यांसारख्या घरगुती गोष्टींनाही संशयित ठरवले. हाही जागता पहाराच होता, फक्त तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर लावलेला होता. पश्चात्ताप मागण्याचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे घेतला त्यांनी स्वतः मात्र पश्चात्ताप केला नाही, हेच सार्दीसच्या निष्काळजीपणाचे दुसरे नाव. या हिशेबाची दखल चर्चने फार उशिरा घेतली: १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या नावाने वापरलेल्या बळाबद्दल आणि इतर धर्म व संस्कृती यांच्याशी झालेल्या वर्तनाबद्दल, चर्चच्या लेकरांच्या वतीने देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. आतल्या भेगेकडे पाहण्याची ती उशिरा आलेली पाळी म्हणता येईल, आणि ती उशिरा आली म्हणून निरर्थक ठरत नाही. प्रकटीकरणातील पत्रांना तरी उशिराचा पश्चात्ताप नामंजूर नाही.

चौलमधले सत्ताधीश, सधन घराणी आणि बहुतेक धर्मगुरू निघून गेल्यावर कुंडलिकेच्या दक्षिण तीरावरील कोर्लई गावात एक लहान ख्रिस्ती समुदाय मागे राहिला, आणि या प्रदेशातील श्रद्धेच्या टिकावाचे खरे उदाहरण म्हणून त्याच्याकडे पाहिले पाहिजे. हे लोक प्रामुख्याने साधे कष्टकरी होते. त्यांच्यामागे ना किल्ल्याची तोफ होती ना राज्याचा आधार. तरीही त्यांनी माउंट कार्मेलच्या मातेच्या नावाचे आपले चर्च, आपले सण आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली एक स्वतंत्र बोली सुमारे तीन शतके सांभाळली. भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर लिहिलेले पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भाषा टिकण्याच्या कारणांत या लोकांचे धर्माने वेगळे राहणे, विवाहसंबंध आपसात असणे आणि चर्चमधील पोर्तुगीज भाषेचा दीर्घकाळ टिकलेला वापर ही कारणे ठळक दिसतात. येथे घट्ट धरणे म्हणजे तटबंदी नव्हे, तर रविवार, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या साध्या विधींची न चुकवलेली परंपरा. तथापि या उदाहरणालाही दुसरी बाजू आहे. धरून ठेवणे हे केवळ सवय म्हणूनही शक्य असते, आणि सार्दीसला लिहिलेल्या पत्राचा दोषारोप नेमका तोच आहे की नाव जिवंतपणाचे आहे आणि आत मात्र मरण चालू आहे. जुन्या चर्चची भिंत उभी राहणे आणि त्या भिंतीत जमणाऱ्यांची प्रीती उभी राहणे, यांत अंतर पडू शकते, आणि ते अंतर बाहेरून पाहणाऱ्या संशोधकाला नव्हे, आत जमणाऱ्यालाच मोजता येते.

सवयीच्या धर्मातून जाग येण्याचे मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि तेही नवख्या श्रद्धावंताचे नसून आधीच ख्रिस्ती झालेल्या स्त्रीचे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला हलवले आणि मग केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. स्वतःच्या धार्मिक प्रवासाविषयी त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत असे नमूद आहे की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म तर लाभला होता, पण ज्याच्या नावावर तो उभा आहे त्या ख्रिस्ताची ओळख मात्र राहून गेली होती. हे विधान इफिसच्या पत्राशेजारी ठेवले तर त्याचे मोल कळते: त्या काळात रमाबाई मोठे काम करत होत्या, विधवांसाठी झटत होत्या, चर्चच्या सत्ताधाऱ्यांशी सिद्धान्तावर वाद घालत होत्या, आणि तरीही त्या स्वतःलाच उणे ठरवतात. पुढे जानेवारी १९०५ मध्ये केडगावात प्रार्थनेसाठी स्त्रिया-मुलींचे मंडळ जमू लागले, आणि जूनच्या अखेरीस तेथे जी धार्मिक जागृती झाली तिच्यात मुलींनी आपली लहानमोठी लबाडी, चोरी, द्वेष उघडपणे कबूल करायला सुरुवात केली. अश्रू आणि मोठ्या आवाजातील प्रार्थना यांमुळे ही घटना तेव्हाही टीकेचा विषय झाली होती, आणि भावनेचा पूर ओसरतो हे टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. पण त्या जागृतीची कसोटी रडण्यात नव्हती. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे सर्वसामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम पूर्णत्वाला आलेले होते. पश्चात्तापाचा पाझर कामात शिरला नाही तर तो केवळ हळवेपणा राहतो, असे या उदाहरणातून म्हणता येईल.

नारायण वामन टिळकांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. दापोलीजवळच्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेल्या या कवीचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून स्थान होते. पगारी प्रचारक, परदेशी निधी आणि परकी रीत यांच्या थरांखाली जी मूळ प्रीती दडली होती ती वर काढावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून त्यांनी भजन आणि अभंगाच्या घाटातून, वारकरी परंपरेच्या सुरात, आपली श्रद्धा मांडली. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला संस्थेचे रूप येण्याआधीच तो ओसरला. आद्य विश्वासाकडे परतणे म्हणजे जुन्या काळाकडे परतणे नव्हे. पहिल्या शतकातील मंडळीची नक्कल साताऱ्यात करता येत नव्हती, पण त्या मंडळीला जे प्रेम धरून होते ते मराठी शब्दांत पुन्हा शोधता येत होते, हे टिळकांना उमगले होते, आणि नंतरच्या मराठी ख्रिस्ती उपासनासंगीतावर त्यांच्या रचनांचा ठसा आजही ऐकू येतो.

या विषयात एक उपरोधही दडलेला आहे, आणि तो नेमका पेण-रोह्याच्या परिसरातला आहे. येथे शतकानुशतके बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाचे लोक, शेजाऱ्यांत तेली व्यवसायाचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखले जाणारे, राहत आले. त्यांची आडनावे गावांवरून पडली आणि पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही नावे अजूनही त्यांच्या घराण्यांत सापडतात. त्यांच्याजवळ हिब्रू पोथ्या फार उरल्या नव्हत्या, पण शनिवार, सुंता, काही आहारनियम आणि 'शमा' ही एकेश्वरवादी प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश आणि अमेरिकन ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या, आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, त्यामागे अर्थातच त्यांना ख्रिस्ताकडे आणण्याची आशा होती. घडले ते निराळे. वाचायला शिकलेला हा समाज आपल्या तोराहकडे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांकडे, अधिक जाणीवपूर्वक वळला, आणि पेण, अलिबाग, रेवदंडा येथे त्यांची सिनेगॉग उभी राहिली. मिशनऱ्यांची हाक ऐकू आली, पण तिचे उत्तर त्यांनी स्वतःच्या पहिल्या प्रीतीला दिले. ख्रिस्ती वाचकाने हे अपयश म्हणून नोंदवण्यापेक्षा आरसा म्हणून घेतले तर अधिक बरे, कारण तटबंदीशिवाय, राज्याशिवाय आणि सर्व पोथ्यांशिवायही श्रद्धा शतके टिकू शकते, हे या शेजाऱ्यांनी ख्रिस्ती मिशन येण्याआधीच दाखवून दिले होते.

यावरून निष्कर्ष असा काढता येतो की ख्रिस्ती जागृतीची कसोटी संख्येत, तटात किंवा आवाजात नाही. सात मंडळ्यांपैकी ज्या दोन मंडळ्यांवर पत्रांत एकही दोष ठेवलेला नाही, त्या स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोन्ही दुबळ्या आहेत: एकीचे दारिद्र्य आणि दुसरीची थोडीशी शक्ती पत्रलेखक स्वतःच नमूद करतो. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यात मृत्युदंडाला सामोरा गेला, आणि इफिस, सार्दीस व लावदिकीया अवशेषांत उरली असताना स्मुर्णा, म्हणजे आजचे इझमीर, हे शहर मात्र ख्रिस्ती वस्तीसह फार काळ गजबजलेले राहिले. याचा अर्थ निष्ठेचे बक्षीस म्हणून टिकाव मिळतोच असा नाही. फिलदेल्फियाच्या वाट्याला भूकंप आले, कोर्लईची बोली आज नव्या पिढीच्या मराठीपुढे मागे सरते आहे, आणि देवाचा दरबार तर संस्थापकाबरोबर संपला. पत्रांत वचन टिकावाचे दिलेलेच नाही. त्यांत मागितले आहे ते एवढेच की ज्यांच्या हाती काही उरले आहे त्यांनी ते आधी आठवावे, मग स्वतःकडे वळावे आणि मग जे पहिल्याने केले होते ते पुन्हा करावे. आणि हा क्रम जो समाज शेजाऱ्याला सांगण्याआधी स्वतःला सांगतो, त्याची हाक ऐकायला शेजाऱ्यालाही फारशी अडचण पडत नाही.